अमेरिकेच्या कॅलेंडरात फुटबॉलला जागा कुठे आहे?

१२ ऑक्टोबर २०१७ ला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये अमेरिकेची सतरा वर्षांखालची पोरं कोलंबियाकडून ३-१ ने हरली. त्याच्या दोनच दिवस आधी त्यांचा मोठा संघ त्रिनिदादमधल्या कूव्हा गावात २-१ ने हरला होता आणि २०१८ च्या वर्ल्डकपमधून बाहेर पडला होता. नुसती बरोबरी केली असती तरी भागलं असतं. १९९० पासून सलग सात वर्ल्डकप खेळलेला संघ असा घरी बसला म्हटल्यावर तिथल्या फुटबॉलवेड्यांनी आकाशपाताळ एक केलं. कोच, फेडरेशन, क्लब, सगळ्यांची सालं काढली. बाकीच्या देशाला मात्र त्याचं सोयरसुतक नव्हतं. त्यांच्या अमेरिकन फुटबॉलच्या लीगचा, म्हणजे एनएफएलचा, सीझन रंगात आला होता, बेसबॉलचे प्लेऑफ सुरू होते. पुढच्याच महिन्यात इटलीही वर्ल्डकपला मुकली, १९५८ नंतर पहिल्यांदा, आणि तिथे अक्षरशः सुतक पाळलं गेलं.

ऐरोली-महापेच्या किंवा वागळे इस्टेटच्या ऑफिसात बसून अमेरिकेतल्या टीमशी रोज बोलणाऱ्यांना हा थंडपणा चांगला माहीत असतो. मेस्सीचा विषय काढला तर समोरचा सभ्यपणे हसतो आणि सोमवारच्या एनएफएल मॅचवर जातो. मग आपल्याकडची ठरलेली प्रतिक्रिया येते: यांना खेळातलं काही कळत नाही. कधी म्हणतात, यांना हाताने खेळलेलंच समजतं. कधी म्हणतात, गोल कमी होतात म्हणून कंटाळतात. यातलं एकही कारण नीट तपासलं तर टिकत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की अमेरिकेत फुटबॉल नावडता नाही, उशिरा आलेला आहे. सकाळी साडेआठला ठाण्याच्या फलाटावर कल्याणहून भरून आलेली फास्ट लोकल उभी राहते, तेव्हा आतल्यांचं तुमच्याशी वैर नसतं. बसायच्या जागा आधीच गेलेल्या असतात, इतकंच.

त्या जागा कशा भरल्यात ते आकड्यांत बघा. एनएफएलमध्ये ३२ संघ, प्रत्येकी १७ मॅचेस, सप्टेंबर ते जानेवारीची सुरुवात, मग प्लेऑफ आणि फेब्रुवारीत सुपरबोल, म्हणजे फायनल. बेसबॉलमध्ये प्रत्येक संघाच्या १६२ मॅचेस, मार्चअखेर ते सप्टेंबरअखेर, आणि ऑक्टोबरभर प्लेऑफ. बास्केटबॉल आणि आइस हॉकीच्या प्रत्येकी ८० हून अधिक, ऑक्टोबर ते एप्रिल, फायनल जूनपर्यंत. हे झाले फक्त चार व्यावसायिक खेळ. याशिवाय शनिवारी कॉलेज फुटबॉल आणि शुक्रवारी रात्री शाळांचं फुटबॉल. (इथून पुढे ‘फुटबॉल’ म्हणजे आपला फुटबॉल, त्यांच्याला अमेरिकन फुटबॉल किंवा एनएफएल म्हणतो.) शाळा-कॉलेजांची ही वहिवाट इतकी पक्की आहे की १९६१ च्या क्रीडाप्रक्षेपण कायद्यातच तिला संरक्षण आहे. सप्टेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी एनएफएलने टीव्हीवर शाळा-कॉलेजांच्या मॅचेसच्या आड येऊ नये, अशी ती तरतूद आहे.

एवढं सगळं मांडल्यावर त्यातल्या त्यात मोकळे उरतात ते जुलै आणि ऑगस्टमधले थोडे दिवस, तेव्हा फक्त बेसबॉल असतं. एमएलएस, म्हणजे त्यांची फुटबॉल लीग, चालत आली फेब्रुवारी ते डिसेंबर. तिचे निर्णायक सामने येतात ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये. नेमकं तेव्हाच एनएफएल जोरात असतं, सुरुवातीला बेसबॉलची फायनल, वर्ल्ड सिरीजही असते आणि बास्केटबॉल नुकतं सुरू झालेलं असतं. २०२३ साली अमेरिकेत सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या १०० टीव्ही प्रक्षेपणांपैकी ९३ एनएफएलच्या मॅचेस होत्या. त्यांच्यासमोर आपली फायनल लावायची म्हणजे आयपीएलच्या प्लेऑफच्या रात्री रणजीचा सामना लावण्यासारखं आहे. सामना कितीही चांगला असो, बघणार कोण?

कॅलेंडरचा मुद्दा खरा आहे हे इंग्लिश प्रीमियर लीगमुळे कळतं. शनिवारची पहिली मॅच इंग्लंडात दुपारी साडेबाराला सुरू होते. ठाण्यात तेव्हा संध्याकाळचे पाच वाजलेले असतात, हिवाळ्यात सहा. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे साडेसात. त्या वेळी अमेरिकेत दुसरा कुठलाच मोठा खेळ चालू नसतो. एनबीसी वाहिनीने २०१३ पासून ही सकाळ पद्धतशीर वापरली, सगळ्या मॅचेस दाखवल्या, आणि तिथे प्रीमियर लीगचा पक्का प्रेक्षक तयार झाला. लिव्हरपूलची किंवा आर्सेनलची जर्सी घालून सकाळी सात वाजता बारमध्ये जमणारे लोक अमेरिकेच्या बहुतेक मोठ्या शहरांत सापडतात. खेळ तोच, देश तोच, गोलही तितकेच कमी. बदलली ती फक्त वेळ.

वर्ल्डकपचंही तेच. तो एरवी जून-जुलैत येतो. १९९४ च्या वर्ल्डकपला अमेरिकेतल्या मैदानांत ३५ लाख ८७ हजारांहून अधिक प्रेक्षक आले, सरासरी मॅचमागे जवळपास ६९ हजार. तेव्हा संघ २४ आणि सामने ५२ होते. नंतर ३२ संघ आणि ६४ सामने झाले तरी २०२२ पर्यंत कुठल्याही यजमानाला हा एकूण आकडा ओलांडता आला नाही. ज्यांना फुटबॉल आवडत नाही असं आपण म्हणतो, त्यांच्या देशातला हा विक्रम. पण ती स्पर्धा सुरू झाली त्या १७ जूनच्या संध्याकाळी टीव्हीवर काय होतं, तर खुनाचा आरोप असलेला माजी एनएफएल खेळाडू ओ. जे. सिम्पसन याच्या पांढऱ्या गाडीमागे धावणारे पोलीस. एनबीएची, म्हणजे बास्केटबॉल लीगची, फायनलसुद्धा पडद्याच्या कोपऱ्यात ढकलली गेली. फुटबॉलची काय कथा!

जागा आधी कोणी अडवल्या, याचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण आपल्याकडे ‘अमेरिकेत फुटबॉल पेलेने नेला’ असा समज आहे. १८६९ मध्ये रटगर्स आणि प्रिन्स्टन या कॉलेजांत झालेली मॅच, जिला अमेरिकन फुटबॉलची पहिली मॅच म्हणतात, ती खरं तर आपल्या फुटबॉलच्या जवळच्या नियमांनी खेळली गेली होती. मग हार्वर्ड रग्बीकडे वळलं, बाकीची बडी कॉलेजं मागे गेली आणि १८८० च्या दशकात वॉल्टर कॅम्पने त्यातून आजचा अमेरिकन फुटबॉल घडवला. फुटबॉल राहिला गिरण्या, पोलाद कारखाने आणि तिथल्या स्थलांतरित कामगारांकडे. म्हणून १९२० च्या दशकातल्या संघांची नावं बघा: बेथलेहेम स्टील, फॉल रिव्हर मार्क्समेन. १९२१ ला सुरू झालेली अमेरिकन सॉकर लीग चांगली चालली होती, युरोपातून खेळाडू ओढत होती. १९२८ मध्ये लीग आणि फेडरेशन यांचं फेडरेशनच्या ओपन कप या स्पर्धेवरून भांडण जुंपलं, संघ फुटले, आणि त्यावर लगेच महामंदी कोसळली. १९३३ ला ती लीग संपली. १९३० च्या पहिल्या वर्ल्डकपमध्ये सेमीफायनल गाठणाऱ्या देशाची ही गत. १९५० मध्ये बेलो होरिझोंतेला त्यांनी इंग्लंडला १-० ने हरवलं, गोल जो गेटजेन्सचा. त्यानंतरचा वर्ल्डकप खेळायला त्यांना ४० वर्षं लागली.

पेले आला तो १९७५ मध्ये, न्यूयॉर्क कॉसमॉसकडून. १९७७ च्या ऑगस्टमध्ये जायंट्स स्टेडियमवर ७७,६९१ लोक कॉसमॉस बघायला आले. पुढच्याच महिन्यात हा संघ कलकत्त्यात मोहन बागानशी २-२ खेळून गेला, त्याच्या आठवणी आजही निघतात. पण कॉसमॉस ज्यात खेळायचा ती एनएएसएल ही लीग फुगत फुगत २४ संघांवर गेली, कॉसमॉसच्या बरोबरीने पैसा ओतायला गेलेले मालक बुडाले, टीव्हीने हात काढून घेतला, आणि १९८४ च्या सीझननंतर दुकान बंद. पेलेला बघायला येणारा माणूस पेले गेल्यावर येत नाही. २०२३ मध्ये इंटर मायामीत मेस्सी आल्यावर तिकिटांचे भाव चढले तेव्हा अनेकांना हे आठवलं असेल.

आता खेळाच्या रचनेकडे येऊ, कारण तिथेही काही खऱ्या अडचणी आहेत.

गोल कमी होतात ही त्यांतली खरी अडचण नाही. एनएफएलमध्ये चेंडू समोरच्या टोकाच्या पट्टीत नेला (टचडाउन) की ६ गुण, वर किकचा १, आणि खांबांमधून किक मारली (फील्ड गोल) की ३. म्हणजे २४-१७ असा धो धो वाटणारा स्कोर म्हणजे तीन टचडाउन आणि एक फील्ड गोल विरुद्ध दोन टचडाउन आणि एक फील्ड गोल. आपल्या हिशेबात ४-३. फेब्रुवारी २०१९ चा सुपरबोल १३-३ असा संपला आणि तीन क्वार्टर संपेपर्यंत ३-३ होता. आपल्या भाषेत पाऊण सामना १-१ आणि शेवटी ३-१. तरी देश टीव्हीपुढे बसला होताच. एनएफएलची मॅच तीन तासांहून जास्त चालते आणि त्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो सुमारे ११ मिनिटं. तेव्हा ‘काही घडत नाही’ हेही कारण नाही. मधल्या वेळात काय बघायचं हे त्यांना लहानपणापासून माहीत असतं: कुठली फॉर्मेशन लावली, क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा, संघाचा सूत्रधार) काय ओरडतोय, चौथ्या डाउनला, म्हणजे शेवटच्या प्रयत्नाला, किक मारणार की धावणार. चौथ्या दिवशी दुपारी बॅटला एक फील्डर जवळ आणला की डोंबिवलीतला क्रिकेट बघणारा सरसावून बसतो, पण नवख्याला त्यात काहीच दिसत नाही. फुटबॉलमध्ये चेंडू नसलेल्या बाजूला विंगबॅक (कडेचा बचावपटू) पुढे सरकलाय, हे बघायला शिकवलेलं नसेल तर ९० मिनिटं म्हणजे नुसती धावपळच.

खरी अडचण बरोबरीची आहे. बेसबॉल निकाल लागेपर्यंत चालतं. कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलने १९९६ मध्ये बरोबरी संपवली, आइस हॉकीने २००५-०६ पासून. ९ जुलै २००२ ला मिलवॉकीत बेसबॉलची ऑल-स्टार मॅच, म्हणजे निव्वळ प्रदर्शनी सामना, ११ इनिंग्जनंतर ७-७ वर थांबवली, कारण पिचर संपले होते. मैदानात लोकांनी हुर्यो उडवली. ज्या प्रेक्षकाला प्रदर्शनी सामन्यातली बरोबरी सोसत नाही, त्याला ०-० हा कधी कधी उत्तम निकाल असतो हे पटवणं अवघड आहे. पाच वेळा पटवूनही सहाव्यांदा तो विचारतोच की मग जिंकलं कोण?

दुसरी अडचण घड्याळाची. त्यांच्या अमेरिकन फुटबॉल, बास्केटबॉल आणि हॉकीत घड्याळ उलटं धावतं, थांबतं आणि शून्यावर खेळ संपतो. इथे वेळ रेफरीच्या मनगटावर. चार मिनिटं जादा म्हणतात आणि खेळवतात पाच. शिवाय ४५ मिनिटं सलग खेळ म्हणजे टीव्हीवाल्यांना जाहिरातीला जागा नाही. १९९० च्या वर्ल्डकपला टीएनटी वाहिनीने चालू खेळात जाहिराती घातल्या आणि प्रेक्षकांच्या शिव्या खाल्ल्या. १९९४ ला पडद्याच्या कोपऱ्यातल्या स्कोरशेजारी कंपनीचं चिन्ह ठेवून तोडगा काढला. २०२६ साठी फिफाने प्रत्येक हाफमध्ये तीन मिनिटांचा पाण्याचा ब्रेक ठेवला. कारण खेळाडूंच्या तब्येतीचं सांगितलं. टीव्हीवाल्यांच्या ते पथ्यावर पडतं, हे सांगायला नको.

या दोन्ही अडचणींवर एमएलएसने १९९६ ला सुरू होताना उपाय केले होते. घड्याळ उलटं केलं. बरोबरी झाली तर शूटआउट: खेळाडू गोलपासून ३५ यार्डांवर, पाच सेकंद, समोर फक्त गोलकीपर. १९९९ नंतर दोन्ही गुंडाळलं. झालं असं की फुटबॉल आवडणाऱ्याला तो पोरखेळ वाटला, आणि ज्याला आवडत नव्हता तो तरीही आला नाही. उदासीन माणसाला खूश करायला जाऊन घरचं गिऱ्हाईक दुखावलं. २००२ मध्ये फ्लोरिडातले दोन संघ बंद करावे लागले आणि लीग १० संघांवर आली. पुढे ती वाढली ती नियम जगासारखे केल्यावर, फुटबॉलसाठी बांधलेली लहान मैदानं आल्यावर आणि पोर्टलंड-सिएटलसारख्या शहरांनी स्वतःचे चाहते घडवल्यावर. पोर्टलंडमध्ये गोल झाला की मैदानाकडेला एक माणूस करवतयंत्राने ओंडक्याची चकती कापतो आणि गोल करणाऱ्याला ती मिळते. युरोपातले लोक याला हसतात. हसोत. २०२५ मध्ये सॅन डिएगो आल्यावर संघ ३० झाले, आणि त्या शेवटच्या जागेचे ५० कोटी डॉलर मोजले गेले.

मुलांचं प्रकरण वेगळंच आहे. अमेरिकेत लाखो मुलं फुटबॉल खेळतात, पण बारा-तेरा वर्षांची होईपर्यंत. मग चांगल्या क्लबची फी, प्रवास, स्पर्धा यांचा खर्च वर्षाला हजारो डॉलरवर जातो. गरीब घरातला गुणी पोरगा बास्केटबॉलकडे वळतो, कारण तिथे शाळाच सगळं बघते. जगात बहुतेक ठिकाणी फुटबॉल गल्लीतल्या पोरांचा खेळ आहे. तिथे तो उपनगरातल्या सुखवस्तू घरांचा झाला. घोडबंदर रोडच्या टर्फवर तासाचे पैसे भरून शिकणारी आपली पोरं त्याच वाटेवर दिसतात, पण तो वेगळा विषय.

मुलींच्या फुटबॉलमध्ये मात्र हाच देश दादा आहे. चार वर्ल्डकप: १९९१, १९९९, २०१५, २०१९. याचं मूळ १९७२ च्या टायटल नाइन कायद्यात आहे. शिक्षणसंस्थांनी खेळात मुलग्यांना आणि मुलींना समान संधी द्यायची. आता एका मोठ्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाला ८५ शिष्यवृत्त्या असायच्या, सगळ्या मुलांच्या. तेवढ्या मुलींकडे भरून काढायच्या तर मोठ्या संघाचा खेळ हवा, म्हणून मुलींच्या फुटबॉलला १४ शिष्यवृत्त्या आणि मुलग्यांच्या फुटबॉलला जेमतेम ९.९. (२०२५ पासून ही मर्यादा जाऊन संघाच्या आकाराचे नियम आले.) म्हणजे ज्या एनएफएल संस्कृतीने मुलग्यांचा फुटबॉल दाबला, तिनेच मुलींचा वाढवला. २०२२ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपला भुवनेश्वरमध्ये आपल्या मुली त्यांच्याकडून ८-० ने हरल्या, त्या आठमागे हा पन्नास वर्षांचा हिशेब आहे. त्याच अमेरिकन मुली मग नेरुळला नायजेरियाकडून पेनल्टीवर हरल्या.

राहिले चाहते. बाहेरून हिणवणाऱ्यांचं सोडा. खुद्द अमेरिकेत १९८६ मध्ये जॅक केम्प या खासदाराने, जो आधी अमेरिकन फुटबॉलमधला क्वार्टरबॅक होता, संसदेत फुटबॉलला युरोपीय समाजवादी खेळ ठरवलं होतं, अर्धं गमतीने. त्याला उत्तर म्हणून फुटबॉलचे चाहते दुसऱ्या टोकाला गेले. इंग्रजांसारखे शब्द वापरायचे, एनएफएलला रानटी म्हणायचं, आणि दर चार वर्षांनी ‘आता देश बदलला’ अशी घोषणा करायची. ही घोषणा पेलेच्या वेळी झाली, १९९४ ला झाली, २००७ मध्ये बेकहॅम आला तेव्हा झाली, मेस्सीच्या वेळी झाली. प्रत्येक वेळी शेजारी एनएफएल बघत राहिला आणि चाहता चिडला. डिसेंबर २०१७ च्या गॅलप पाहणीत आवडता खेळ म्हणून ३७ टक्के लोकांनी अमेरिकन फुटबॉल सांगितला, बेसबॉल ९ आणि फुटबॉल ७. सातवरून नऊकडे जाणं ही मोठी गोष्ट आहे. सदतीसशी तुलना करायची गरजच काय?

आणि आपण त्यांना हसावं हे तर फारच झालं. १ जून २०१८ ला अंधेरीत भारताने चायनीज तैपेईला ५-० हरवलं, सुनील छेत्रीची हॅटट्रिक, आणि मैदानात माणसं २,५६९. छेत्रीने हात जोडून व्हिडिओ टाकला तेव्हा कुठे तीन दिवसांनी केनियाविरुद्धची मॅच भरली. तीही क्रिकेटचा मोसम नव्हता म्हणून, असं मला वाटतं.

क्लायंटकडच्या एखाद्या अमेरिकन माणसाला फुटबॉल दाखवायचाच असेल तर बाद फेरीची मॅच निवडा, म्हणजे बरोबरीचा प्रश्न मिटतो. तो इकडे आलेला असेल तर शनिवारची संध्याकाळ सोयीची. तिकडेच असेल तर त्याच्या सकाळची वेळ धरा आणि दोघे आपापल्या घरून बघा. सुरू होण्याआधी हरणाऱ्याचं काय जातं ते सांगा, नियम नंतर. पहिली पंधरा मिनिटं चेंडू सोडून एकच खेळाडू बघायला सांगा, शक्यतो मधल्या फळीतला: तो पास यायच्या आधी किती वेळा मान वळवतो ते मोजायला सांगा. एनएफएल बघणाऱ्याला हे लगेच कळतं, कारण क्वार्टरबॅकही तेच करतो. ऑफसाइडवर गोल रद्द होईपर्यंत ऑफसाइडचा विषय काढू नका. रद्द झाला की तो स्वतःच विचारेल. खेळाडू पाय धरून लोळायला लागला तर बाजू घेऊ नका, तुम्हीही शिव्या घाला. आणि सप्टेंबरनंतरच्या रविवारी बोलावू नका, तो येणार नाही.